वही भरते, शब्द का टिकत नाहीत?

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून सध्या मी बँकेच्या परीक्षेची तयारी करत आहे. ठाण्याला क्लासला जाताना गाडीत इंग्रजी वर्तमानपत्र वाचते आणि अग्रलेखातले वीस अवघड शब्द रोज अर्थासह वहीत उतरवते. तीन महिन्यांत दोन वह्या भरल्या, पण तोच शब्द पुन्हा समोर आला तर अर्थ आठवत नाही आणि आठवलाच तर वाक्यात वापरता येत नाही. वहीतल्या एका पानाची प्रत सोबत जोडली आहे.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या वाचनात काही उणे नाही, अडचण वहीत आहे. पाठवलेल्या पानावर ‘डिलॅपिडेटेड’ या शब्दापुढे ‘मोडकळीस आलेले’ एवढेच लिहिले आहे आणि त्याखालच्या ओळीत त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेला दुसरा शब्द आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून स्वतःच्याच विस्मरणाची मोजदाद केली आणि ती 1885 मध्ये प्रसिद्ध केली. पाठ केलेल्यातला बराच भाग पहिल्या काही तासांतच गळतो, असे त्याला आढळले. वाक्यातून उपटून काढलेल्या वीस शब्दांची यादी त्या अक्षरसमूहांहून फारशी वेगळी नसते.

हाच शब्द बातमीत पाहा. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे आणि नवी मुंबईतल्या धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर होतात, तेव्हा इंग्रजी बातमीत ‘डिलॅपिडेटेड’च्या मागेपुढे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’, ‘व्हेकेट’, ‘इव्हिक्ट’ आणि ‘रेझ’ (जमीनदोस्त करणे) हे शब्द हमखास येतात. या शब्दाच्या पोटात ‘लॅपिस’ म्हणजे दगड हा लॅटिन शब्द आहे, हे एकदा कळले की दगड न् दगड विखुरलेली इमारत डोळ्यांसमोर उभी राहते. ‘व्हेकेट’ आणि ‘इव्हिक्ट’ या दोहोंपुढे तुम्ही ‘रिकामे करणे’ असे लिहिले आहे, तिथे मात्र घोटाळा आहे. ‘व्हेकेट’चे कर्म घर असते, ‘इव्हिक्ट’चे कर्म माणूस असते, रहिवासी घर ‘व्हेकेट’ करतात, प्रशासन रहिवाशांना ‘इव्हिक्ट’ करते. परीक्षेतल्या गाळलेल्या जागांमध्ये नेमका हाच फरक विचारला जातो आणि तो अर्थाच्या रकान्यातून कधीच कळत नाही. म्हणून शब्द एकटा न लिहिता तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे, त्याच्यासोबत येणारे शब्दयोगी अव्ययही (प्रिपोझिशन) सोडू नये, आणि रोज वीसऐवजी पाचच शब्द घ्यावेत. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने अर्थ झाकून ते पुन्हा तपासावेत.

अग्रलेखाचा हट्टही थोडा सैल करावा, असे माझे मत आहे. अग्रलेखाचा विषय रोज बदलतो. त्याउलट न्यायालयातले एखादे प्रकरण आठवडाभर चालले, तर तेच शब्द आपण होऊन परत भेटतात. अशी बातमी मराठी वर्तमानपत्रातही त्याच दिवशी असते, ती शेजारी ठेवावी. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापला जात असे, ती सोय आता आपली आपणच करायची, एवढेच. ‘ॲक्विट’ आणि ‘डिस्चार्ज’ यांचा अर्थ ढोबळपणे ‘सुटका’ असा लागतो, पण मराठी वार्ताहर पहिल्यासाठी ‘निर्दोष मुक्तता’ आणि दुसऱ्यासाठी ‘दोषमुक्त’ असे जपून लिहितो, कारण पहिली खटला चालल्यानंतर होते आणि दुसरी आरोप निश्चित होण्याआधीच.

मथळ्यांतले शब्द मात्र वेगळ्या पानावर ठेवा. ‘नॉड’ (मंजुरी), ‘मल’ (विचार करणे), ‘ॲक्स’ (काढून टाकणे) हे शब्द तिथे येतात ते जागा अपुरी असते म्हणून. निबंधात किंवा अर्जात ते विचित्र दिसतात. आपल्याकडच्या मथळ्यांत ‘मूट’ हे क्रियापद प्रस्ताव मांडणे या अर्थाने सर्रास येते, पण हाच शब्द विशेषण म्हणून अमेरिकी बातमीत आला, तर तो मुद्दा आता निरर्थक ठरला आहे, असे बहुधा सांगायचे असते.

प्रश्न : निवृत्तीनंतर इंग्रजी वर्तमानपत्र नेटाने वाचू लागलो आहे. इंग्रजी-मराठी कोश वापरावा की इंग्रजी-इंग्रजी?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोन्ही जवळ असू द्यावेत, मात्र कोश उघडण्याआधी पूर्ण परिच्छेद वाचून अर्थाचा अंदाज बांधावा. मराठी अर्थ चटकन मनाला भिडतो. शब्द कुठे कोणत्या अर्थाने येतो, हे इंग्रजी कोशातल्या उदाहरणांवरून कळते. ‘सँक्शन’ पाहिलात तर मराठी कोश ‘मंजुरी’ही देईल आणि ‘निर्बंध’ही, आणि हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध असल्याने वाचणारा गोंधळतो. इमारतीचा आराखडा ‘सँक्शन’ झाला, तर ती मंजुरी. एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादली, असे अनेकवचनी रूप दिसले, तर ते बहुतेक वेळा निर्बंध.