कन्झी नव्हे, कुन्यी

प्रश्न असा आहे: एडिंबरोच्या इतिहासात ‘कन्झी हाउस’ भेटतं. संदर्भावरून ती टांकसाळ वाटते, पण ‘कन्झी’ हा शब्द कुठला? ‘कॉइन’शी त्याचं काही नातं आहे, की ही छापण्यातली चूक?

नातं आहे आणि तेही सख्खं. चूकही आहे, पण ती एकट्या ‘झ’पुरती.

जुन्या स्कॉट्स भाषेत नाणं म्हणजे ‘कुन्यी’. नाणी पाडणं या अर्थाचं क्रियापदही तेच. त्यावरून टांकसाळ झाली ‘कुन्यीहाउस’. शब्द फ्रेंचमधून आला. त्यातला मधला उच्चार म्हणजे आपल्या वर्णमालेत नुसता शोभेला उरलेला ‘ञ’. तो लिहिण्यासाठी स्कॉट लेखनिक ‘न’च्या पुढे ‘योख’ नावाचं एक जुनं अक्षर काढत. दिसायला ते साधारण आपल्या ३ सारखं. पुढे छापखाने आले तेव्हा खिळ्यांच्या पेटीत योख नसायचं. मग दिसायला जवळचं म्हणून छापणाऱ्यांनी इंग्रजी ‘झेड’ बसवलं, आणि वाचणारे झेड दिसतंय म्हणून ‘झ’ म्हणू लागले. ‘मेन्झीस’ या आडनावाचं तेच झालं. त्याचा जुना स्कॉटिश उच्चार ‘मिंगिस’. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांना लोक ‘मिंग’ म्हणत, ते त्यावरूनच. ‘डॅल्झील’ लिहून ‘डीएल’ वाचायचं, हीही त्याच योखची करामत.

आता मूळ. लॅटिनमध्ये ‘कुनेउस’ म्हणजे पाचर. फ्रेंचमध्ये त्याच शब्दाला पाचर, कोपरा आणि नाण्याचा ठसा असे तिन्ही अर्थ चिकटले. हातानं नाणी पाडत तेव्हा एक ठसा ठोकळ्यात रोवलेला असे. त्यावर धातूची चकती, चकतीवर दुसरा ठसा, आणि वरून हातोडा. हत्याराचं नाव मग त्यातून पडणाऱ्या मालाला लागलं. इंग्रजीत ‘कॉइन’ आला तो याच वाटेनं. स्कॉट्समध्ये ‘कुन्यी’ला घराचा कोपरा हाही अर्थ आहे, तेव्हा जुना कागद वाचताना जपून, प्रत्येक कुन्यीत पैसा नसतो! कीलकलिपीच्या ‘क्युनिफॉर्म’ या इंग्रजी नावातही हाच ‘कुनेउस’ आहे, कारण तिची अक्षरं पाचरीसारखी.

मला यात खरी गंमत वाटते ती आपल्या ‘शिक्क्या’मुळे. अरबी ‘सिक्का’ म्हणजे आधी नाण्याचा ठसा, मग नाणं. हिंदीनं नाणं ठेवलं, मराठीनं मुख्यतः ठसा. तोच शब्द व्हेनिसला जाऊन ‘झेक्का’, म्हणजे टांकसाळ, झाला. तिथल्या सोन्याच्या नाण्याला ‘झेक्किनो’ म्हणत, आणि साडीवर चमकणारी ‘सिक्वेन’ ही त्याची नात. संस्कृत ‘टंक’ही दगड फोडायची छिन्नी आणि ठसा मारलेलं नाणं, दोन्ही. टांकसाळ त्यातलीच. म्हणजे फ्रेंच, अरबी, संस्कृत, तिन्हीकडे हत्यार आणि नाणं एकाच शब्दात नांदतात.

एडिंबरोची टांकसाळ काउगेट या रस्त्यावर होती. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाले. करारात स्कॉटलंडमध्ये टांकसाळ चालू राहील असं स्पष्ट लिहिलेलं होतं. जुनं चलन मोडून नवी नाणी पाडली गेली, त्यांवर राणी ॲनच्या चेहऱ्याखाली एडिंबरोचा ‘ई’ आहे. १७०९ नंतर तिथे एकही नाणं पडलं नाही. करार मात्र शाबूत!

मराठीत लिहायचं तर ‘कुन्यी हाउस’ लिहावं. इंग्रजी पुस्तकांत शोधताना मात्र झेडचं स्पेलिंगही टाकून बघा, नाहीतर निम्मे उल्लेख हातचे जातील.