आधी माणूस सुटू दे

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा रागाने वाचलं, हे आधीच सांगून टाकतो. मालकाने पासपोर्ट काढून घेतलेला परदेशातला एक कामगार तुझ्याशी दोन तास बोलला, नाव आणि फोटो छापायला ‘हो’ म्हणाला, आणि तुला प्रश्न काय पडला? तर पुरस्काराच्या प्रवेशिकेची मुदत टळायच्या आत बातमी छापून येईल का!

अगं, आधी तो माणूस तिथून सुटू दे.

त्याच्या होकाराला धरून बसू नकोस. अडकलेल्याला तुझ्यात सुटकेची वाट दिसते, तो कशालाही हो म्हणेल. ही बातमी कोणाकोणाच्या हाती पडू शकते, हे त्याच्या भाषेत सांगितलंस? दोन दिवस जाऊ देऊन पुन्हा विचारलंस? नाव बदललं की झालं, असं मलाही वाटायचं. पण हातावरचं गोंदण, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलं जाणारं ठिकाण... दलालाला एवढं पुष्कळ होतं.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेतल्या त्या चौघी पत्रकारांचं काम पुन्हा काढून वाच. इंडोनेशियातल्या बेंजिना गावात मासेमारीच्या कामावर डांबलेली माणसं, त्यातली बरीचशी म्यानमारची, काही तर चक्क पिंजऱ्यात. त्यांनी पकडलेली मासळी थायलंडमार्गे अमेरिकेतल्या दुकानांत कशी पोचते, याचा माग या बायकांनी जहाजावर उपग्रहातून नजर ठेवून आणि ट्रकच्या मागे राहून काढला. एवढं हाती असताना त्यांनी आधी आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेला कळवलं. बातमीतली माणसं पोलिसांनी तिथून हलवली आणि मगच, मार्च २०१५ मध्ये, ती छापली. पुढे दोन हजारांवर माणसं सुटली. २०१६ चं पुलित्झर, पत्रकारितेतला अमेरिकेचा मोठा पुरस्कार, त्यानंतरचं. क्रम बघ, क्रम.

माझं मानचिन्ह तू घरी आली होतीस तेव्हा निरखत होतीस. ते ज्या लेखासाठी मिळालं, त्यात मी एका बाईचं नाव बदललं, पण तिच्या मुलाच्या मानेवरचा भाजल्याचा डाग ठेवला. वाक्य फार छान जमलं होतं. दलालाने त्या डागावरूनच तिला ओळखलं. मला आठ महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच बातमीसाठी त्या बाजूला गेलो म्हणून. खोलीला कुलूप. संपादकाला घाई होती, दुसरं वृत्तपत्र मागावर होतं, लेखामुळे चौकशीही बसली. सगळं खरं आहे, आणि इतकी वर्षं मी हेच सांगत आलोय. आत्ताही सांगितलंच बघ.

दुसऱ्या कोणी आधी छापली तर छापू दे. तोवर कागद जमव: दलालाला द्यायला त्याने किती कर्ज काढलं, करार कुठल्या भाषेत होता, कबूल केलेला पगार किती आणि हातात किती पडतो. त्याचा नंबर फोनमध्ये त्याच्याच नावाने ठेवला असशील तर आज रात्रीच बदल. स्थलांतरितांची प्रकरणं हाताळणारा वकील शोधून देतो, त्यासाठी कितीही उशिरा फोन कर.

प्रवेशिकेचं मात्र विचारू नकोस.