शिंपल्यांचं जुनं झुंबर घेताना

डॅनिश डिझायनर व्हर्नर पँटनच्या 1964 सालच्या ‘फन’ दिव्याच्या धाटणीचं झुंबर घेताय, तर आधी साखळ्यांना लटकणाऱ्या शिंपल्याच्या चकत्या हातात धरून पाहा. खरा शिंपला गार लागतो, प्रत्येक चकतीवरच्या रेषा वेगळ्या असतात. प्लास्टिकच्या सगळ्या सारख्या. कॅपिझ शिंपला असेल तर गोव्यातल्या जुन्या खिडक्यांतला तो हाच.

व्हिनेगर, लिंबू अजिबात नको. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने चमक कायमची जाते. मेन स्विच बंद करून, दोन थेंब साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा, तेही टांगलेलं असतानाच. आडवं ठेवलंत की साखळ्या गुंततात आणि सोडवताना चकती भोकापाशी तडकते. चकत्या जोडणारी कडी उघडायची असेल तर दोन पकडींनी बाजूला पिळून उघडा, ओढून फाकवू नका. वायर आणि होल्डर इलेक्ट्रिशियनकडून नवे बसवा. बल्ब एलईडीच, 2700 केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा.