गारपीट एका शेतात, सरासरी अख्ख्या काउंटीची

प्रश्न : माझा मावसभाऊ अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एका ग्रामीण काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात), गहू पिकवणाऱ्या कुटुंबाकडे काम करतो. 2019 साली गारपिटीत त्यांचा निम्मा गहू गेला, तरी सरकारी अनुदानाचा एक डॉलरही हाती आला नाही. शेजाऱ्याने मात्र त्या वर्षी गहू पेरलाच नव्हता, तरी त्याला गव्हाचे अनुदान मिळाले. हे कसे?
– एक वाचक

उत्तर : आपल्या भावाने सांगितलेले नियमाला धरूनच आहे. अमेरिकेतील धान्य-अनुदान शेतात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या पिकावर नव्हे, तर त्या जमिनीच्या नावे पूर्वीच्या पेऱ्यावरून सरकारदप्तरी नोंदलेल्या ‘बेस एकर’वर मिळते. त्यामुळे शेजाऱ्याने त्या वर्षी काय पेरले, हा प्रश्नच उद्भवत नाही.

शेतकऱ्याला प्रत्येक पिकासाठी दोन योजनांपैकी एक निवडावी लागते. पहिलीत कायद्याने ठरवलेल्या संदर्भ किमतीपेक्षा देशातील वर्षभराची सरासरी किंमत खाली गेली, तर फरक मिळतो. 2019 च्या गव्हाची संदर्भ किंमत बुशेलला (हे धान्य मोजण्याचे अमेरिकी माप) 5.50 डॉलर होती आणि सरासरी किंमत 4.58 डॉलर निघाली, म्हणजे फरक 92 सेंटचा. समजा, शेजाऱ्याचे 100 बेस एकर असून दप्तरी नोंदलेला पिकाचा उतारा, म्हणजे उत्पादन, एकरी 40 बुशेल आहे. त्यातील 85 टक्के एकरच हिशेबात धरत असल्याने 85 गुणिले 40 गुणिले 0.92, म्हणजे 3,128 डॉलर होतात. (आपल्या हमीभावाशी याची गल्लत करू नये, या योजनेत सरकार धान्याचा दाणाही विकत घेत नाही.)

आपल्या भावाच्या मालकांनी बहुधा दुसरी योजना निवडली असावी. तीत संपूर्ण काउंटीचे एकरी उत्पन्न, म्हणजे सरासरी उतारा गुणिले देशातील सरासरी किंमत, आधीच्या पाच वर्षांवरून काढलेल्या पायाभूत उत्पन्नाच्या 86 टक्क्यांखाली घसरले, तरच 2019 च्या नियमाने पैसे मिळत, आणि तेही पायाभूत उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंतच. गारांचा पट्टा अरुंद असतो. चार शेते झोडपली गेली तरी काउंटीतील बाकीच्या शेतांत गहू उत्तम आला असेल, तर सरासरी हलत नाही. उलट काउंटीचेच पीक बुडाले, तर ज्याचे स्वतःचे पीक तरले त्यालाही रक्कम मिळते. माझ्या मते या योजनेचा हाच सर्वांत दुखरा भाग आहे, कारण शेतकरी तिला नुकसानभरपाई समजतो आणि ती मुळात तशी नाहीच.

स्वतःच्या शेतातील नुकसानासाठी पीकविमा आहे, आणि त्याच्या हप्त्याचा सरासरी सुमारे 60 टक्के भार केंद्र सरकार उचलते. मालकांनी तो उतरवला होता का, हे भावाला जरूर विचारावे.

रक्कम हाती पडायलाही उशीर लागतो. गव्हाचे विपणन वर्ष, म्हणजे ज्यावरून सरासरी किंमत काढतात ते वर्ष, जूनमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपते आणि पैसे त्यानंतरच्या ऑक्टोबरपासून दिले जातात. म्हणून 2019 च्या उन्हाळ्यात कापलेल्या गव्हाचे अनुदान ऑक्टोबर 2020 च्या आधी मिळणे शक्यच नव्हते. जुलै 2025 च्या कायद्याने गव्हाची संदर्भ किंमत 6.35 डॉलर झाली आणि काउंटी-योजनेची हमी, म्हणजे ज्याखाली उत्पन्न घसरल्यावर पैसे मिळतात ती पातळी, 86 वरून 90 टक्क्यांवर, तर रकमेची कमाल मर्यादा 10 वरून 12 टक्क्यांवर गेली. शिवाय 2025 च्या पिकापुरती दोन योजनांपैकी जिची रक्कम जास्त निघेल तीच द्यायची, अशी तरतूद आहे. मात्र काउंटी-योजनेत मोजणीचे माप पूर्वीप्रमाणे काउंटी हेच राहिले आहे.