स्क्रोल सॉ: तुमचे प्रश्न, ब्लेडच्या तक्रारी आणि तरंगणारा अनुस्वार

स्क्रोल सॉ म्हणजे उभ्या, बारीक, वर-खाली हलणाऱ्या ब्लेडने लाकडात नक्षी कापणारी विजेची करवत. या वेळच्या प्रश्नांत कुणी लाकडाला दोष दिलाय, कुणी मशीनला, तर कुणी स्वतःच्या थरथरत्या हाताला. मला मात्र बहुतेक ठिकाणी संशय आहे तो ब्लेडवर, आणि त्या ब्लेडला घाई करायला लावणाऱ्या आपल्यावर.

प्रश्न: छंद म्हणून पहिला स्क्रोल सॉ घ्यायचा आहे. १६ इंची, २० इंची म्हणजे नेमकं काय? पिनवाली ब्लेडं बसवायला सोपी म्हणतात, तसं मशीन घेऊ का?

उत्तर: तो आकडा म्हणजे ब्लेडपासून मशीनच्या मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा. फळी ब्लेडभोवती फिरवताना ती तिथे जाऊन अडते. कीचेन, नावाची पाटी, लाकडी कोडी, हातभर रुंदीची जाळी एवढ्यासाठी १६ इंच पुरतात.

पिनवालं, म्हणजे दोन्ही टोकांना आडवी पिन असलेलं ब्लेड अडकवायला सोपं असतं हे खरं. पण जाळीकामात आतला प्रत्येक आकार कापायचा तर आधी भोक पाडून त्यातून ब्लेड ओवावं लागतं. पिन आत जाण्यासाठी पाच-सहा मिलिमीटरचं भोक लागतं. बिनपिनीचं ५ नंबरचं ब्लेड (नंबरांबद्दल पुढे) दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. म्हणजे पिनेमुळे नाजूक नक्षीचं अर्धं जगच बंद होतं. दोन्ही प्रकारच्या ब्लेडांची लांबी साधारण ५ इंचच असते, त्यामुळे बिनपिनीचं ब्लेड धरणारं, आणि शक्यतो पाना न वापरता ते बदलता येणारं मशीन घ्या. वेग कमी-जास्त करता यायला हवा. मशीन घरी आणलं की आधी ते जड टेबलाला बोल्टने पक्कं करा. नुसतं ठेवलेलं मशीन थरथरतं आणि ती थरथर थेट रेघेत उतरते.

प्रश्न: सरळ रेघसुद्धा सरळ कापली जात नाही, ब्लेड एकाच बाजूला ओढ घेतं. शिवाय ब्लेडं फार तुटतात. माझा हातच वाईट आहे का?

उत्तर: हात ठीक आहे. बरीचशी ब्लेडं पोलादी पट्टीतून दाते पाडून बनवतात. त्यात एका कडेला बारीकशी कंगोऱ्यासारखी धार उरते आणि ती बाजू जास्त कापते. म्हणून ब्लेड त्या अंगाला सरकतं. टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर, फळी टेकवायला लावतात तशी पट्टी लावून त्याला सरळ नेण्याचा प्रयत्न करू नका, जमणार नाही. टाकाऊ तुकड्यावर एक लांब रेघ मारा आणि ब्लेड रेघेवर राहीपर्यंत फळी थोडी थोडी तिरकी करत कापा. ३ ते ५ अंशांच्या आसपास कुठेतरी ते मुकाट्याने रेघेवरून चालायला लागेल. तोच तिरपा कोन हाताला लावून घ्यायचा. थोड्या सरावानंतर तो वेगळा आठवावाही लागत नाही.

आता तुटण्याचं. मशीन बंद करून ब्लेड बोटाने तारेसारखं छेडा. स्वच्छ, वरच्या पट्टीतला 'टिंग' आवाज यायला हवा. 'थड' असा बसका आवाज आला तर ताण कमी आहे. बोटाने बाजूला दाबल्यावर ते तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त वाकता कामा नये. सैल ब्लेड वळणावर पोट काढतं, कापलेली कड उभी न राहता फुगीर होते आणि शेवटी ब्लेड तुटतं.

ताण बरोबर असूनही तुटत असेल तर तुम्ही लाकूड ढकलताय. फळी पुढे सरकवायला जोर लागतोय असं जाणवलं की ब्लेड बोथट झालं असं समजा. कडक आणि जाड लाकडात अर्ध्या तासाच्या आसपासच धार उतरू शकते, प्लायमधला गोंद ती आणखी लवकर खातो, आणि सागवानात तर सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण घटक असतो. पुष्कळ जण ब्लेड तुटेपर्यंत वापरतात आणि त्याला काटकसर म्हणतात. त्या 'काटकसरी'त जळलेल्या कडा, वाकड्या रेघा आणि वाया गेलेली फळी येते. ब्लेड हा खर्ची पडणारा माल आहे, पॉलिश पेपरसारखाच.

एक युक्ती मात्र खरोखर वाचवते. पातळ लाकूड कापताना ब्लेडचा खालचा थोडासाच भाग झिजतो, वरचे दाते कोरे राहतात. टेबलावर १० ते १२ मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत प्लाय दुहेरी टेपने बसवा, मधोमध ब्लेडपुरतं भोक ठेवा. काम वर उचललं जातं आणि त्याच ब्लेडचे ताजे दाते कामाला येतात.

नंबरांबद्दल थोडक्यात: नंबर वाढतो तसं ब्लेड रुंद आणि दाते मोठे. ३ ते ६ मिलिमीटरच्या प्लायला २ किंवा ३, १२ ते १८ मिलिमीटरच्या फळीला ५, त्याहून जाड किंवा कडक असेल तर ७ किंवा ९. सुरुवातीला एवढ्यांत भागतं.

प्रश्न: सर्पिल ब्लेड सगळ्या दिशांना कापतं असं ऐकलं. मग फळी फिरवायची कटकटच नको ना?

उत्तर: फिरवण्याची कटकट जाते आणि दुसरी येते. हे ब्लेड पिळलेलं असतं, दाते सगळ्या बाजूंनी. त्याची चीर रुंद आणि खरबरीत असते, कोपरे टोकदार येत नाहीत, आणि ते लाकडाच्या नसेबरोबर, म्हणजे तंतूंच्या दिशेने भरकटतं. मशीनच्या पोटात न मावणाऱ्या मोठ्या फळीवर चेहऱ्याचं जाळीचित्र कापायचं असेल तेव्हाच ते काढा. एरवी सपाट ब्लेड आणि फिरवणारे हात.

प्रश्न: चेरीचं लाकूड कापलं की कडा काळ्या पडतात, आणि प्लायच्या खालच्या बाजूला टवके आणि तूस निघतं.

उत्तर: चेरी आणि मेपल ही जळकी म्हणूनच ओळखली जातात. नवं ब्लेड, एक नंबर मोठे दाते आणि कमी वेग यांनी बराच फरक पडतो. त्यावर सर्वांत स्वस्तातला इलाज म्हणजे खोकी बंद करायची पारदर्शक टेप. डिझाइनच्या कागदावर तिचा एक थर लावा. टेप गुंडाळीत एकमेकीला चिकटू नये म्हणून तिच्या पाठीला निसरडा लेप असतो. तो ब्लेडला वंगणासारखा उपयोगी पडतो.

खालच्या टवक्यांसाठी उलट्या दात्यांचं ब्लेड मागा. त्याचे खालचे काही दाते वरच्या दिशेने वळलेले असतात आणि वर जाताना ते खालची कड स्वच्छ कापतात. ब्लेड बसवल्यावर टेबलाखालून फक्त दोन-तीन उलटे दाते वर येत असतील इतपत उंची ठेवा. सगळेच वर आले तर फळी उचलली जाऊन टेबलावर आपटायला लागते.

प्रश्न: लग्नाच्या भेटीसाठी देवनागरीत नावाची पाटी कापायची आहे. 'नंदिनी' कापताना अनुस्वार पडून गेला आणि वेलांटी मोडली. काय चुकलं?

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला. इंग्रजी अक्षरांचे नमुने ढिगाने मिळतात, पण आपल्या लिपीची गणितं वेगळी आहेत.

आपली मोठी सोय म्हणजे शिरोरेषा. रोमन अक्षरं एकत्र धरायला खाली वेगळी पट्टी द्यावी लागते. आपल्याकडे ती लिपीतच आहे. मात्र सगळा भार तिच्यावर येतो, म्हणून ती उभ्या दांड्यांपेक्षा थोडी जाड ठेवा. छापील टायपात ती बहुतेक वेळा बारीक असते. तशीच उचललीत तर पाटी दोन अक्षरांच्या मध्ये मोडेल.

अडचण शिरोरेषेच्या वर सुरू होते. 'नं'चा ठिपका कशालाच जोडलेला नाही. तो सुटा होणारच, आणि बहुधा टेबलाच्या भोकातून भुशात जाणार. एक तर तो टपोरा करून शिरोरेषेत थोडा रुतवा. दिसायला किंचित वेगळं दिसतं, पण वाचताना खटकत नाही. नाहीतर पाटीमागे विरुद्ध रंगाच्या लाकडाची पट्टी लावा आणि ठिपका वेगळा कापून तिच्यावर चिकटवा. मला दुसरा प्रकार जास्त देखणा वाटतो. चंद्रबिंदू असेल तर दुसऱ्याला पर्याय नाही.

वेलांटीची कमान टोकाकडे केसाएवढी होत जाते. तिथे निदान ३ मिलिमीटर जाडी राहील असं चित्र दुरुस्त करा आणि कमानीचं टोक शिरोरेषेला नीट भिडवा. रफाराचंही तेच. उकार मात्र अक्षराच्या खालच्या टोकाला भिडवा.

पण मोडण्याचं खरं कारण मला लाकडाच्या नसेत दिसतं. तुम्ही सलग लाकडाची पातळ फळी वापरली असणार. नस शिरोरेषेच्या दिशेने ठेवली तर उभे दांडे नसेला आडवे जातात आणि चटकन तुटतात. नस उभी ठेवली तर शिरोरेषाच तुटते. देवनागरीत दोन्ही दिशांना ताकद लागते. त्यामुळे थर आलटून पालटून आडवे-उभे असलेला चांगला बर्च प्लाय, ६ मिलिमीटरचा, हे पाटीसाठी योग्य लाकूड. सलग अक्रोडाचीच हौस असेल तर मागे पट्टी हवीच.

कापण्याचा क्रमही महत्त्वाचा. प, म, व यांच्या पोटातल्या आणि वेलांटीखालच्या बंद जागा सर्वांत आधी. भोक पाडताना फळीखाली टाकाऊ तुकडा घट्ट दाबून ठेवा, म्हणजे मागून टवका उडत नाही. मग अक्षरांच्या खालच्या कडा. मात्रा आणि वेलांट्यांची बाहेरची कड शेवटी, म्हणजे तोवर भोवतालचं लाकूड त्यांना आधार देतं. टोकदार कोपऱ्यात शिरल्यावर तिथल्या तिथे वळायचा हट्ट धरू नका. दोन-तीन मिलिमीटर मागे या, टाकाऊ बाजूला थोडी जागा करून घ्या आणि नव्या दिशेने पुन्हा कोपऱ्यात या.

कागद थेट लाकडावर चिकटवू नका. आधी रंगकामाची निळी टेप, तिच्यावर कागद. काम झालं की दोन्ही एकदम सुटतं आणि खरवडत बसावं लागत नाही.

प्रश्न: भाचा दोन वर्षांचा आहे. त्याच्यासाठी प्राण्यांचं कोडं करायचंय. तुकडे कधी घट्ट बसतात, कधी एकाच बाजूने निघतात.

उत्तर: लाकडी कोड्यांचा वारसा जुना आहे. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६०च्या दशकात मॅहोगनीच्या फळीवर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले आणि ते मुलांना भूगोल शिकवायला विकले.

तुकडे एकाच बाजूने निघत असतील तर ब्लेड टेबलाशी काटकोनात नाही. छोटा गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून पाहता येतं, पण मला पुढची पद्धत जास्त भरवशाची वाटते. जाड तुकड्यात थोडीशी चीर पाडा, मशीन बंद करा, तुकडा बाहेर काढून अर्धा वळसा फिरवा आणि ब्लेडच्या मागच्या बाजूने तीच चीर त्यावर सरकवा. सहज गेली तर काटकोन बरोबर. अडखळली तर टेबल किंचित झुकवून नवी चीर पाडा आणि पुन्हा बघा. घट्टपणाचं कारण बहुतेक वेळा वॉर्निश असतं. चिरेच्या कडांवर जाड थर बसला की जागाच उरत नाही, म्हणून आतल्या कडांना पातळ तेलाचा हात पुरे.

वयाचं मात्र हलक्यात घेऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासायला अमेरिकेच्या नियमांत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात मावणारा तुकडा नापास. तुम्ही त्याहून बरेच मोठे, १८ मिलिमीटर जाडीचे, चार-पाचच तुकडे करा. शेपटी, कान, शिंगं गोलसर आणि जाड ठेवा, कारण ती तोंडात जाणार आहेत आणि कोवळ्या दातांनी चावली जाणार आहेत.

प्रश्न: ऑफिसातल्या वीसेक जणांना एकसारखी लटकन द्यायची आहेत. एकेक कापत बसायचं?

उत्तर: नाही हो. ३ मिलिमीटरच्या चार-पाच फळ्या एकावर एक ठेवून एकदमच कापा. कडांना गरम गोंदाचे ठिपके द्या किंवा टेपने करकचून बांधा. आतली भोकं आणि आकार आधी, बाहेरची कड शेवटी, कारण ती कापली की गठ्ठा सुटतो. गठ्ठ्याची एकूण जाडी १८ मिलिमीटरच्या वर नेऊ नका. इथे काटकोन चुकला तर वरचं आणि खालचं लटकन वेगळ्या मापाचं निघेल.

प्रश्न: हे यंत्र इतर करवतींच्या मानाने निरुपद्रवी आहे ना? खोलीतच एका कोपऱ्यात ठेवलंय.

उत्तर: बोटांच्या बाबतीत बरंच सौम्य. तरी बोट ब्लेडच्या समोर ठेवायचं नाही, बाजूला ठेवायचं, आणि हातमोजे घालायचे नाहीत. छोटा तुकडा धरायला तो मोठ्या टाकाऊ फळीवर दुहेरी टेपने चिकटवा.

खरा उपद्रव भुशाचा. लाकडाची धूळ कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या बोर्डाची धूळ तर फारच बारीक. मशीनचा फुंकणारा पंखा रेघ मोकळी करतो, पण ती सगळी धूळ तुमच्या नाकाकडे पाठवतो. टेबलाखाली व्हॅक्यूमची नळी लावा आणि एन-९५ मास्क घाला, हौसेचं काम असलं तरी. झोपायच्या खोलीत तर नकोच.

प्रश्न: बारीक जाळीला ब्रशने पॉलिश करताना भोकांत थेंब साचतात. दुसरा उपाय?

उत्तर: ब्रश सोडा. पसरट ट्रेमध्ये डॅनिश तेल (लाकडात मुरणारं तयार तेल) किंवा 'बॉइल्ड' म्हणून तयार मिळणारं जवसाचं तेल ओता, जाळी त्यात बुडवा, उचलून निथळू द्या. दहा-पंधरा मिनिटांनी कापडाने पुसा आणि भोकांतला उरलेला थेंब हवेच्या झोताने उडवा. त्याआधी खालच्या बाजूची तुसं सुईकानशीने काढलेली हवीत, नाहीतर तेल लागल्यावर ती काट्यांसारखी ताठ होतात.

पुसलेली कापडं चुरगाळून डब्यात टाकू नका. ही तेलं सुकताना उष्णता सोडतात आणि गोळा झालेल्या कापडात ती कोंडून आपोआप आग लागू शकते. कापडं एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. जाळी पूर्ण सुकायला काही दिवस लागतील. नाकाजवळ धरल्यावर तेलाचा वास येत असेल तोवर ती भेटीच्या कागदात गुंडाळू नका, कागद चिकटतो.