शिथिल, लवचीक आणि मोकळीक

प्रश्न असा आला आहे: कामगार कायद्यांतल्या एकाच बदलाच्या तीन बातम्या वाचल्या. एकीत कायदे 'शिथिल' झाले, दुसरीत 'लवचीक' झाले आणि तिसरीत मंत्री त्यालाच 'सुलभीकरण' म्हणाले. हे तिन्ही समानार्थी समजायचे का? आणि मंत्र्यांचं इंग्रजी भाषण मराठीत उतरवताना 'कामगारहित जपून गुंतवणूक आणू' या वाक्यात 'हित'च्या जागी 'हक्क' लिहिलं तर चालेल का? जाता जाता 'कामगार' बरा की 'श्रमिक', हेही विचारलं आहे.

शुद्धलेखन आधी उरकतो. 'लवचीक'मधला 'ची' दीर्घ. 'शिथिल', 'श्रमिक' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याआधीचा इकार मराठीत दीर्घ लिहितात, 'गरीब', 'बारीक' यांच्यासारखा.

समानार्थी मात्र ते मुळीच नाहीत. गाठ शिथिल होते, गात्रं शिथिल होतात, निर्बंध शिथिल होतात. तिन्ही ठिकाणी आधी काहीतरी घट्ट होतं आणि आता ते तसं राहिलेलं नाही. त्यामुळे 'कायदा शिथिल केला' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, मग इतके दिवस घट्ट बांधून ठेवला होता तो कशासाठी? करोनाच्या काळात 'निर्बंध शिथिल' हे मंत्री हसतमुखाने सांगत, कारण ते निर्बंध कोणालाच नको होते. कामगार कायदे निम्म्या श्रोत्यांना हवे असतात. म्हणून तिथे 'शिथिल' हा शब्द बातमीदाराचा असतो, मंत्र्याचा क्वचितच.

'लवचीक' हा वस्तूचा गुण आहे. वेताची छडी वाकते आणि सोडली की सरळ होते. हे परत येणं शब्दाच्या अर्थात निम्मं आहे. नुसती वाकते आणि तशीच राहते त्या तारेला आपण लवचीक म्हणत नाही. बदललेला कायदा आपणहून परत येत नसतो, तेव्हा त्याला लवचीक म्हणणं जरा उदारपणाचंच.

एक आकडा मात्र खरोखर वाकून परत आला आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली एक प्रकरण घातलं गेलं: ३०० किंवा जास्त कामगार असलेला कारखाना, खाण किंवा मळा असेल, तर कामगारकपात करायला किंवा तो बंद करायला सरकारची आधी परवानगी हवी. १९८२च्या दुरुस्तीने ३००चे १०० केले. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने १००चे पुन्हा ३०० केले आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५मध्ये अमलात आली. या आकड्याला खुशाल लवचीक म्हणा.

आता अडीचशे माणसांचा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. मर्यादा शंभरची होती तेव्हा त्यातले तीस जण कमी करायचे तर मालकाला सरकारदरबारी अर्ज करावा लागे. आता अर्ज नको. नोटीस आणि नुकसानभरपाई द्यायची, बस. यात वाकलं कोण? कायदा वाकला नाही, तो त्या फाटकातून बाहेर निघून गेला. मालकाला आधी वाकावं लागत होतं, आता लागत नाही. वाकणं उरलं ते त्या तिसांच्या वाट्याला. 'लवचीक' या विशेषणाने ही सगळी मंडळी वाक्यातून गायब होतात, आणि सोय आहे ती हीच.

यासाठी मराठीत साधा, नेमका शब्द आहे: मोकळीक. मोकळीक कोणालातरी द्यावी लागते, त्यामुळे वाक्यात 'ला' किंवा 'ना' येतोच आणि तिथे नाव लिहावं लागतं. 'तीनशेपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांना कपातीची मोकळीक' हा मथळा मी दिला असता. मंत्र्यांवर यात काही अन्याय नाही. त्यांचा युक्तिवादही मोकळिकीचाच आहे: शंभराची अट असली की मालक नव्वद-पंचाण्णवलाच थांबतो, पुढची माणसं कंत्राटदाराकडून आणतो, आणि कारखाना वाढतच नाही. युक्तिवाद पटो न पटो, तो मांडायला 'लवचीक'ची गरज पडत नाही.

'सुलभ'बद्दल एवढंच की तो 'कोणाला?' या उत्तराशिवाय अपुरा आहे. तिथेही 'ला' लावून पाहा.

गंमत म्हणजे कारखान्याच्या फाटकाशी यातला एकही शब्द ऐकू येत नाही. तिथे 'परमनंट' आणि 'कॉन्ट्रॅक्ट' चालतात. सात महिने भरले की काही दिवस कामावरून काढतात, त्याला 'ब्रेक दिला' म्हणतात, कपात झाली की 'घरी बसवलं'.

हित आणि हक्क यांची अदलाबदल अजिबात करू नका. शब्दकोश सोडा, नुसती क्रियापदं बघा. हित पाहतात, जपतात, साधतात. हक्क मागतात, बजावतात, नाकारतात, हिरावून घेतात. हक्क बजावणारा तो स्वतः असतो. हित जपणारा बहुतेक वेळा दुसराच कोणी, आणि कशात हित आहे हेही तोच ठरवतो. 'कामगारहित जपू' म्हणणाऱ्या मंत्र्याने संपाच्या हक्काबद्दल अवाक्षरही काढलेलं नसतं. मूळ भाषणात कोणता शब्द आहे ते बघा आणि तोच उतरवा. तुम्हाला आवडतो म्हणून 'हक्क' त्यांच्या तोंडी घालू नका.

त्याच वाक्यातला 'गुंतवणूक' मला मात्र फार आवडतो. दोरा गुंततो, पाय गुंततो, जीव गुंततो. पैसा गुंतला म्हणजे अडकलाच. हिंदीतल्या 'निवेश'मध्ये ही धाकधूक नाही. पैसे आणण्याआधीच ते बाहेर कसे काढता येतील हे उद्योजक विचारतो, आणि मंत्र्याची सारी मोकळीक त्या प्रश्नाचंच उत्तर असते.

राहिला 'कामगार'. 'श्रमिक' लिहू नका असं नाही, पण तो सभेत आणि पत्रकात जास्त शोभतो. दिल्लीच्या हिंदीत श्रम मंत्रालय असतं. आपल्या शासननिर्णयांवर 'उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग' असं दिसतं, म्हणजे तीन गोष्टींच्या रांगेत एक माणूस. शब्द 'काम'ला फारसी 'गार' लागून झालेला, 'गुन्हेगार', 'माहितगार' यांच्या पंगतीतला. एकोणिसाव्या शतकात मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये 'कामगार' म्हणजे सरकारी अंमलदार, मग तो गोरा असो की एतद्देशीय. त्या मराठीत कपातीच्या अर्जावर सही करणारा साहेब कामगार ठरला असता, ज्याची कपात व्हायची तो नव्हे.