स्कोप : एकाच पटीचा की झूमचा?

प्रश्न : स्प्रिंगची 4.5 मिमी एअर रायफल आहे. मुळशीच्या शेतावर 25–30 मीटरवरून डबे आणि कागदी लक्ष्यं मारतो. दुकानदार 3-9×40 स्कोप (तीन ते नऊ पट झूमची, 40 मिमी भिंगाची बंदुकीवरची दुर्बीण) गळ्यात मारतोय. साधा, एकाच चार पटीचा 4×32 चालेल का? (कोथरूड)

चालेल, आणि मी तोच घेईन. झूम वाढवला की लक्ष्याबरोबर हाताची थरथरही मोठी दिसते. क्रॉसहेअर (नेमाची फुली) नाचायला लागला की माणूस घाईने ट्रिगर ओढतो. उजेडाचंही गणित आहे. 32 भागिले 4, म्हणजे डोळ्याशी 8 मिमीची प्रकाशशलाका येते. 3-9×40 नऊवर नेला की जेमतेम 4.4. दिवेलागणीला हा फरक चांगलाच कळतो.

पण खरी मेख वेगळीच आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन सुटताना बंदूक मागे येते आणि तो आदळला की पुढे उसळते. काडतुसाच्या रायफलीसाठी बनवलेला महागडा स्कोपही या दुसऱ्या धक्क्याने आतून खिळखिळा होऊ शकतो. त्यामुळे स्प्रिंग एअरगनसाठीचाच स्कोप मागा आणि स्टॉप-पिन (मागे सरकू न देणारी खीळ) असलेलं अखंड माउंट (स्कोप बंदुकीवर धरणारी पकड) घ्या. माउंटच्या मागच्या कडेला रेलवर (माउंट बसतं त्या पट्टीवर) पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवा. पन्नासेक छर्ऱ्यांनंतर रेघ झाकली गेली असेल तर माउंट मागे सरकतंय. झीरो (जुळवून ठेवलेला नेम) हलला म्हणून स्कोपला शिव्या घालू नका.

प्रश्न : धाकटा भाऊ इंग्लंडात असतो. तिथल्या एका शेतकऱ्याने त्याला ससे मारायची परवानगी दिली आहे. त्याच्यासाठी कोणता? (औंध)

त्याची बंदूक पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, स्प्रिंगचा धक्का नसलेली) असेल तर झूमचा घेऊ दे, पण तो चार ते सहाच्या मध्येच ठेवायला सांगा. कुंपणाशी 12 मीटरवर बसलेला ससा नऊच्या झूममध्ये नुसती लोकर दिसतो. डोकं कुठे, कळत नाही. शिवाय बहुतेक स्वस्त झूम स्कोपांत मिल-डॉटची (क्रॉसहेअरवरच्या मोजमापाच्या ठिपक्यांची) मापं एकाच पटीवर खरी असतात. झूम फिरवला की वर किती धरायचं याचा हिशेब बदलतो. पट एकच ठरवून 10 ते 35 मीटरपर्यंत दर पाच मीटरला कागदावर मारून पाहावं. अगदी जवळून छर्रा खाली लागेल, कारण स्कोप नळीच्या बोटभर वर बसलेला असतो.

पॅरलॅक्स (डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसणं) 10 यार्डांपर्यंत जुळवता येतो ना, हे पाहा. तिथे परवान्याविना एअर रायफलीच्या जोराला 12 फूट-पौंडांची मर्यादा आहे (स्कॉटलंडात एअरगनलाही प्रमाणपत्र लागतं). झूमने छर्ऱ्यात जोर येत नाही. लांबून मारलेला ससा जखमी होऊन बिळात मरतो.

प्रश्न : मग आमच्या सासवडच्या शेतावर ससे मारले तर? एअरगनला परवाना लागत नाही ना? (हडपसर)

नाही, मारू नका. 4.5 मिमी आणि 20 जूलच्या आतल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, एवढंच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला तुमच्या हातात एअरगन आहे की गलोल, याच्याशी देणंघेणं नाही. ससा संरक्षित आहे. भाजीला जाळीचं कुंपण घाला.

प्रश्न : मुलगी बालेवाडीला 10 मीटर एअर रायफल शिकते. सरावाला स्कोप लावू का? (बाणेर)

नको. त्या स्पर्धेत दुर्बिणीची साइट चालतच नाही, पीप साइटच (बारीक छिद्रातून नेम धरायची, भिंग नसलेली) लागते. तेच पैसे चांगल्या शूटिंग जॅकेटला ठेवा, आणि तेही प्रशिक्षकांना विचारून. वाढत्या वयात माप दर वर्षी बदलतं.